नाटकासाठी जुन्या पद्धतीचा चपचपीत भांग हवाय, पोमेड (केस चापून बसवायचं मलम) कुठलं घेऊ? (बजेट ३०० रुपये)

वाडीतला_नट
नमस्कार मंडळी. आमच्या वाडीचं नाटक हनुमान जयंतीच्या रात्री आहे. वेंगुर्ल्याजवळ, उघडा रंगमंच, समोरून हॅलोजन. मी १९५४ सालचा तरुण मास्तर. दिग्दर्शकाने बजावलंय, "तुझं ते फेडबिड चालायचं नाही, भांग पाहिजे." विग लावून पाहिला, तालमीत दुसऱ्याच प्रवेशाला कानावर उतरला. तेव्हा आपलेच केस. वर चारेक इंच वाढलेत, बाजूला दोन महिने मशीन लावलेलं नाही. केस जाड, सरळ, मागे उजवीकडे भोवरा.
न्हाव्याला नेमकं काय सांगू? आणि घामात टिकेल असं पोमेड कुठलं? बजेट ३०० रुपये. वर्गणीतून मिळणार नाहीत, माझ्या खिशातले आहेत, त्यामुळे तीनशे म्हणजे तीनशेच.

ब्रिलक्रीम_६२
ब्रिलक्रीम. विषय संपला. १९२८ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला निघालेलं क्रीम आहे ते, आणि आपल्या क्रिकेटवाल्या फरुख इंजिनियरने त्याची जाहिरात केलीय. रत्नागिरीला कॉलेजात होतो तेव्हा थिबा पॅलेसचा चढ सायकलने चढून गेलो तरी भांग जागचा हलत नसे. आता डोक्यावर फक्त चढ उरलाय, ते सोडा.

मूळचा_चिपळूणचा
मी पुण्यात ११५० चा डबा घेतो, वॉटर बेस्ड, परदेशी. चार महिने जातो. म्हणजे महिन्याला तीनशेच्या आतच पडतो. बजेटात बसतं की!

वाडीतला_नट
दादा, नाटक एका रात्रीचं आहे.

खुळो_मालवणी
अरे मेल्या, खोबरेल लाव आणि गप ऱ्हव. नाटकात केस बघूक कोण येतत? भाषणा इसारलंस तर वरसभर नाव ठेवतले.

देवगडचा_भाचा
कोणी सांगायच्या आत मीच सांगतो, घरी बनवू नका. मी बनवलं होतं. मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल, व्हिडिओत बघून. मेण महाग म्हणून चमचाभर घातलं, तेल वाटीभर. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं, सकाळी मस्त घट्ट लोणी. मेहुण्याचं लग्न, मे महिना, डोक्यावर पत्र्याचा मांडव. मेण वितळतं साठ अंशांच्या वर, पण खोबरेल चोविसालाच वितळतं, हे नंतर वाचलं. तिसऱ्या मंगलाष्टकाला कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात. अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात होतं, सोडता येईना. मग त्याच अंतरपाटाला डोळा पुसला. तो तेलाचा डाग अल्बममध्ये नवऱ्याच्या कानाशेजारी अजून दिसतो.

खुळो_मालवणी
म्हणान नुसता खोबरेल म्हटलंय. मेण मेणबत्तीक.

कात्रीवाला_सावंतवाडी
माझं दुकान आहे म्हणून नीट लिहितो. आधी कटिंग बरोबर असू दे, पोमेड नंतर.
खुर्चीत बसायच्या आधी सांगायचं, "मशीन नको, कंगवा-कात्रीने घ्या." हे आधीच सांगायचं. कारण आजकालच्या पोराचा हात सवयीने दोन नंबरवर जातो. दोन नंबर म्हणजे सहा मिलिमीटर, आणि एकदा ते कानावर फिरलं की तुमचा १९५४ चा मास्तर संपला. बाजूला बोटात जेमतेम धरता येतील इतके केस ठेवायचे, मानेकडे हळूहळू कमी करत न्यायचे, काठ वस्त्र्याने साफ. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत. वर फक्त टोकं सारखी करायची.
भांग आपल्या मनाने पाडू नका. ओले केस सरळ मागे विंचरा, तळवा टाळूवर ठेवून जरा पुढे ढकला. केस जिथे आपणहून फुटतील तिथेच तुमचा भांग. तुमचा भोवरा उजवीकडे आहे, तर बहुतेक डावीकडे फुटेल. भोवऱ्याच्या उलट गेलात तर कुठलंही पोमेड मागची शेंडी बसवू शकत नाही.
कटिंग प्रयोगाच्या आठ-दहा दिवस आधी करा. ताजे कापलेले केस स्टेजवर टोपी घातल्यासारखे दिसतात.

ब्रिलक्रीम_६२
हेच म्हणत होतो मी.

कोंबडा_छाप
१९५४ म्हटल्यावर भांग कशाला? देव आनंदसारखा कोंबडा काढा! इंग्रजीत पाँपादूर. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या दरबारातल्या मादाम द पाँपादूरवरून नाव पडलंय.

ब्रिलक्रीम_६२
मास्तर आहे तो. कोंबडा काढून शाळेत गेला असता तर हेडमास्तरने पट्टी मारली असती. आमच्या शाळेत एकाला नळाखाली डोकं धरायला लावलं होतं.

कोंबडा_छाप
ते पोराला. मास्तरला कोण मारणार? आणि तरुण मास्तर म्हटलंय, प्रेमबिम असणारच नाटकात.

वाडीतला_नट
प्रेम आहे, पण ती सरपंचाची मुलगी आहे. भांगच बरा.

दोहा_ते_दापोली
घामाचा मुद्दा कोणीच घेतला नाही. वॉटर बेस्ड म्हणजे पाण्याने निघतं तेच, आणि घाम म्हणजे पाणीच ना भाऊ. चैत्रातली कोकणातली रात्र, त्यात हॅलोजन, दुसऱ्या अंकात सगळं कॉलरवर. जुनं पोमेड म्हणजे पेट्रोलियम जेली आणि मेण, घामाला दाद देत नाही. मी इथे दोह्यात मरेज पोमेडचा डबा वापरतो, अमेरिकन, १९२५ पासूनचा. इतका घट्ट की थंडीत नखाने खरवडावा लागतो. हरभऱ्याएवढा घेऊन तळव्यावर पातळ होईपर्यंत चोळायचा, मागून पुढे लावत यायचा, मग बारीक दातांचा कंगवा. केस टॉवेलने टिपलेले, किंचित ओलसर असले की चमक जास्त येते. १५ तारखेला गावी येतोय, हवा तर एक डबा आणतो. पैसे नकोत, नाटकाचा पहिल्या रांगेचा पास द्या.

देवगडचा_भाचा
काढणार कसं पण ते? मी तीन वेळा शाम्पू केला, शेवटी बायकोने भांड्यांचा साबण दिला.

दोहा_ते_दापोली
तेलाला तेल. आधी खोबरेल चोळून दहा मिनिटं ठेवायचं, जुन्या फडक्याने पुसायचं, मग शाम्पू. आणि कपाळावर येऊ द्यायचं नाही, पुळ्या येतात.

खुळो_मालवणी
म्हणजे शेवटाक खोबरेलच. मी काय सांगत होतंय?

सुलभा_कुडाळ
आणि अभ्रे कोण धुणार? आमच्या सासऱ्यांच्या आरामखुर्चीला डोक्याच्या जागी कायमचा काळा गोल होता, पॉलिश करणाऱ्यालाही गेला नाही. साहेबाच्या देशात याच कारणाने खुर्चीच्या पाठीवर कापड घालायची पद्धत पडली. केसांना मॅकॅसर तेल लावायचे पुरुष, म्हणून त्या कापडाला नावच अँटिमॅकॅसर. आपल्याकडेही ती विणलेली जाळीची कापडं घरोघर होती, माझ्या आईने डझनभर विणली. तेल लावणार पुरुष, विणणार बायका. चालू द्या.

मूळचा_चिपळूणचा
मुद्दा चांगला आहे ताई. म्हणूनच वॉटर बेस्ड. लिंक पाठवू का?

नवीन_सभासद_११
जेल लावा ना, चाळीस रुपयाला मिळतं.

कात्रीवाला_सावंतवाडी
जेल अजिबात नको. वाळलं की टणक होतं, आणि नंतर कंगवा फिरवला की पांढरा भुगा पडतो. हॅलोजनखाली काळ्या कोटावर कोंड्यासारखा दिसेल.

दोहा_ते_दापोली
+१. जेल म्हणजे शाळेतल्या पोरांचं काम.

ब्रिलक्रीम_६२
जेलला माझाही विरोध. ब्रिलक्रीममध्ये पाणी, तेल आणि मेण तिन्ही आहे, म्हणून केस मऊ राहतात.

देवगडचा_भाचा
जेल नको. माझ्या मेणापेक्षाही वाईट.

वाडीतला_नट
सगळ्यांचे आभार. कात्रीवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच न्हाव्याला सांगितलं. तो म्हणाला, "मशीन नको म्हणणारं गिऱ्हाईक किती वर्षांनी आलं," आणि पाऊण तास कापत बसला. तळव्याने ढकलून पाहिलं, भांग खरंच डावीकडे फुटला. दिग्दर्शक खूश.
पोमेड मात्र घेतलं नाही. जेल घेतलं, ४० रुपयांचं.
कारण लिहायचं राहिलं होतं. तिसऱ्या अंकात मास्तर वीस वर्षांनी म्हातारा होऊन परत येतो, आणि मध्ये वेळ फक्त चार मिनिटं. रंगभूषेवाला केस पिकलेले दिसावेत म्हणून कानशिलांना झिंक (पांढरा रंग) लावतो, ते पाठच्या बाकावरून चुन्यासारखं दिसतं. काल तालमीत दुसऱ्या अंकानंतर वाळलेल्या जेलमधून नुसता कंगवा फिरवला. कानाशी, भांगात, असा बारीक पांढरा भुगा उठला की सरपंचाची मुलगी झालेला आमचा बाबल्या विंगेतून म्हणाला, "मास्तर, किती झिजलात हो." घामाने पहिल्या अंकात थोडं ओघळलं, ते मान्य. रुमाल ठेवलाय, मास्तरकडे रुमाल असतोच.

कात्रीवाला_सावंतवाडी
कोट काळा आहे का पण?

वाडीतला_नट
पांढरा सदरा, धोतर.

कात्रीवाला_सावंतवाडी
मग ठीक.

दोहा_ते_दापोली
डबा घेऊन ठेवलाय मी. पासाचं काय?

सुलभा_कुडाळ
तो डबा आमच्या घराच्या आसपास आणू नका म्हणजे झालं. नाटक किती वाजता आहे?

वाडीतला_नट
पत्रिकेत दहा लिहिलंय ताई. साडेअकराला पडदा उघडेल.