पुढचे पाय फुटले की बेडूकमासे मरतात, चूक कुठे होतेय?

ओलीपायवाट: 20 लिटरची काचेची टाकी, पाणी 15 सेंमी खोल, तापमान 24 अंश. बेडूकमासे 30. रोज उकडलेला पालक. मागचे पाय व्यवस्थित फुटले, पण पुढचे पाय बाहेर आले की दोन दिवसांत एकेक मरतोय. सकाळी तळाशी पडलेले दिसतात, अंगावर जखम नाही. पाणी नळाचे, रात्रभर उघडे ठेवलेले. कुठे चुकतंय?

शेपूटगळती: ते बुडून मरताहेत. ऐकायला विचित्र वाटेल, पण या टप्प्यावर हेच नेहमीचे कारण.

पुढचे पाय आधीच तयार असतात, कल्ल्यांच्या कप्प्यात कातडीखाली दडलेले. नीट पाहिलं तर दोन्ही बाजूंना कोपराचा फुगवटा दिसतो. बहुतेक जातींत श्वासरंध्र (कल्ल्यांतले पाणी बाहेर पडायचे छिद्र) डावीकडे असते, त्यामुळे डावा पाय अनेकदा तिथूनच बाहेर पडतो. गॉस्नर या संशोधकाच्या 1960 च्या, बेडकाच्या वाढीच्या 46 टप्प्यांच्या तक्त्यात हा 42 वा. इथून कल्ले झपाट्याने आटतात आणि फुप्फुसावर भार येतो. पोहणे मात्र शेपटीवर, आणि तीच आखडत चाललेली. 15 सेंमी वर येऊन हवा घेणे त्याला झेपत नाही.

उपाय: फुगवटा दिसला की ते पिल्लू वेगळ्या पसरट डब्यात हलवा. डब्याची एक बाजू उचलून ठेवा, म्हणजे एका टोकाला 2-3 सेंमी पाणी आणि दुसरीकडे पाण्याबाहेरची ओलसर जागा राहील. उतार खरखरीत हवा, म्हणजे पाण्यातून बाहेर पडताना पायांना पकड मिळते. वर बारीक जाळी घट्ट बांधा, ओल्या उभ्या काचेवरही ती सहज चढतात.

आणि खाणे बंद. तोंडातली शिंगासारखी चोच आणि दातांच्या रांगा याच वेळी गळून पडतात, आतडेही झपाट्याने आखूड होते. शेपटीचे ऊतक शरीरच जिरवून वापरते. टाकलेला पालक फक्त कुजतो.

कल्लेकर: उताराबद्दल पूर्ण सहमत, पण पाण्याकडेही बघा. 20 लिटरमध्ये 30 म्हणजे गर्दी. लिटरला एक, हा सांभाळून चालायचा हिशेब. बेडूकमासे मुख्यतः अमोनिया टाकतात, युरियाकडे वळण रूपांतराच्या वेळी होते. त्यामुळे सगळा अमोनिया टाकीत साठतो, आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजणारा आकडा) 8 च्या वर असेल तर त्याचा विषारी भाग वाढतो. दर दोन दिवसांनी चौथाई पाणी बदला, तेही त्याच तापमानाचे. एकदम सगळे बदलू नका.

रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडते, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग) नाही. पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेले द्रावण, बाटलीवरच्या मात्रेनुसार. तांब्याच्या भांड्यातले पाणी तर वापरूच नका.

रोज पालक मला पटत नाही. त्यात ऑक्झलेट हा खडे बनवणारा घटक भरपूर असतो, बेडूकमाशांच्या मूत्रपिंडात खडे होतात. लेट्यूस उकडून द्या, अधूनमधून थोडे माशांचे खाद्य. दोन तासांत संपेल एवढेच.

ओलीपायवाट: सात-आठ अजून मागच्या पायांच्या बारीक कोंबांवरच अडकलेत. त्यांना आयोडीनचे थेंब द्यावेत का? कुठेतरी वाचलं.

शेपूटगळती: नको. गुडर्नाच या संशोधकाने 1912 मध्ये बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा रूपांतर वेळेआधी झाले, पण बेडूक अगदी चिमुकले निघाले. रूपांतर घडवणाऱ्या थायरॉइड संप्रेरकाचा आयोडीन हा कच्चा माल आहे हे खरे, तरी अंदाजाने टाकलेले थेंब थेट विषबाधा करतात. गर्दी, अपुरे अन्न, थंडी यांनी वाढ रखडते. आधी दोन टाक्या करा, तापमान 22-25 च्या दरम्यान ठेवा, मग वाट पाहा.

आणखी एक लक्षण बघून ठेवा. पुढचे पाय काडीसारखे बारीक आणि अंगाचे वजन न पेलणारे आले, तर तो बुडण्याचा प्रकार नाही. तो काडीपायांचा दोष, आणि अशी पिल्ले सहसा जगत नाहीत.

कल्लेकर: शेपटीचा फक्त बुंधा उरला की तोंड रुंद झालेले दिसेल. तेव्हा हलणारे अन्न हवे: पंखहीन फळमाशी किंवा स्प्रिंगटेल (ओल्या मातीतले उड्या मारणारे बारीक जीव). मेलेले, न हलणारे काही ठेवले तर ते त्याकडे बघतही नाहीत. आणि टाकीचे पाणी किंवा जाळी दुसऱ्या तळ्यात जाऊ देऊ नका. त्यातून कायट्रिड हा बुरशीचा रोग पसरतो. ही बुरशी बेडूकमाशांच्या फक्त तोंडाच्या केराटिनवर (चोच-दातांच्या शिंगासारख्या पदार्थावर) राहते, म्हणून ते धडधाकट दिसतात. रूपांतरानंतर केराटिन सगळ्या कातडीवर येते आणि मग बेडूक मरू शकतो.