‘बाइंडिंग’, ‘कम्पॅटिबल’, ‘सेल’ : इंटरप्ट कंट्रोलरच्या नोंदीतले शब्द

प्रश्न

लिनक्समध्ये इंटरप्ट कंट्रोलरची (उपकरणांकडून आलेले इशारे प्रोसेसरकडे पोचवणाऱ्या भागाची) डिव्हाइस-ट्री बाइंडिंग कशी तपासतात, यावर कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलं आहे आणि पहिल्याच पानावर अडले आहे. ‘बाइंडिंग’साठी ‘बंधन’ किंवा ‘बांधणी’ सुचतं, दोन्ही पटत नाहीत. ‘कम्पॅटिबल’ला ‘सुसंगत’ लिहिलं, तर मुलं विचारतात, कशाशी सुसंगत? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद

मुलांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. त्याकडे येतोच, आधी ‘बाइंडिंग’.

डिव्हाइस-ट्री म्हणजे बोर्डावर काय काय आहे, कुठल्या पत्त्यावर आहे आणि कशाला जोडलंय याची झाडासारखी मांडलेली यादी. चिपच्या आतली बरीचशी उपकरणं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, स्वतःहून शोधता येत नाहीत, म्हणून ही यादी बूट होताना त्याच्या हाती द्यावी लागते. कल्पना ओपन फर्मवेअरमधली, १९९४च्या आयईईई १२७५ मानकातली. आर्म प्रोसेसरांवरच्या लिनक्सने ती २०११पासून जोमाने उचलली. यादीत एका प्रकारच्या उपकरणाची नोंद कशी करायची, त्यात कुठली कलमं सक्तीची, कुठली ऐच्छिक आणि प्रत्येकाचा अर्थ काय, हे ठरवणारा दस्तऐवज म्हणजे बाइंडिंग. नोंद लिहिणारा एक, वाचणारा दुसरा, आणि दोघांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. बोर्ड यादीसकट विकला जातो, आणि कित्येक वर्षांनी निघालेल्या कर्नललाही तीच जुनी यादी वाचता यावी अशी अपेक्षा असते. म्हणून माझं मत ‘करार’ या शब्दाला. ‘संकेत’ जवळचा आहे, पण संकेत काळाबरोबर सैल होत जातो आणि इथे तशी सूट नाही. बोलताना सगळे बाइंडिंगच म्हणतात, तेच राहू द्या. पहिल्यांदा समजावताना मात्र ‘करार’ म्हणा, म्हणजे बाइंडिंग तपासणारे परीक्षक एकेका शब्दावर एवढे का अडून बसतात ते मुलांना आपोआप कळेल.

आता ‘कम्पॅटिबल’. ‘सुसंगत’ हा गुण झाला, आणि या कलमात गुण नसतोच, नावं असतात. मी समजावताना म्हणतो, ‘हे उपकरण कोणकोणत्या नावांना ओ देतं’. सर्वांत नेमकं नाव आधी, मग ज्या जुन्या उपकरणासारखं ते वागतं त्याचं नाव. रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेतल्या प्लिक या इंटरप्ट कंट्रोलरचं उदाहरण घ्या. सायफाइव्हच्या एफयू५४० चिपमध्ये त्याची नोंद अशी आहे : ‘सायफाइव्ह,एफयू५४०-सी०००-प्लिक’, आणि त्यामागे ‘सायफाइव्ह,प्लिक-१.०.०’. पहिलं नाव न ओळखणारा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कर्नलचा भाग) दुसऱ्यावर काम भागवतो. पुढे या एकाच चिपच्या प्लिकमध्ये काही खोट सापडली, तर तिच्यापुरता उपाय पहिल्या नावावरून करता येतो. हे पहिलं नाव गाळलं, तर विकल्या गेलेल्या बोर्डांना नंतर वेगळं ओळखायची सोय राहत नाही. म्हणूनच नावात ‘एक्सएक्स’ घालून अख्ख्या मालिकेला एकच नाव द्यायला गेलं की परीक्षक पॅच, म्हणजे सुचवलेला बदल, परत पाठवतात.

हे नाव कोण वाचतो, तेही मुलांना दाखवा. ऑलविनरच्या डी१ चिपमध्ये टी-हेडचा प्लिक आहे. बराचसा सायफाइव्हसारखाच, पण सुपरवायझर मोडमधून, म्हणजे लिनक्समधून, त्याला हात लावता यावा यासाठी आधी एक बिट चालू करावा लागतो. ते काम लिनक्सच्या आधी चालणाऱ्या ओपनएसबीआय या फर्मवेअरचं. तेवढ्यासाठी ‘टी-हेड,सी९००-प्लिक’ असं वेगळं नाव कराराच्या मजकुरात आलं आणि कारणही तिथेच लिहिलं गेलं. ‘लिनक्सच्या ड्रायव्हरला फरक पडत नाही, मग वेगळं नाव कशाला’ या युक्तिवादाला इथे जागा नाही. नोंद उपकरणाची असते, ड्रायव्हरची नव्हे. परीक्षणात पुन्हापुन्हा ऐकू येणारं वाक्य हेच.

उपप्रश्न

आणि खुद्द ‘इंटरप्ट’? आमच्याकडे जुन्या नोट्समध्ये ‘व्यत्यय’ आहे.

प्रतिसाद

‘व्यत्यय’ चुकीचा नाही, पण तो प्रोसेसरच्या बाजूने पाहणारा शब्द आहे : त्याचं चालू काम मोडलं. डिव्हाइस-ट्री लिहिताना आपण उपकरणाच्या बाजूला उभे असतो आणि तिथून ती ‘हाक’ असते. एकदा हाक म्हटलं की कलमं भराभर उलगडतात. ‘इंटरप्ट्स’ म्हणजे हे उपकरण कुठल्या तारेवरून हाक देतं. ‘इंटरप्ट-पॅरेंट’ म्हणजे कुणाला देतं. नोंदीत ते नसेल तर झाडात वर वर जाऊन शोधायचं. ‘इंटरप्ट-कंट्रोलर’ या कलमापुढे तर काही मूल्य (व्हॅल्यू) लिहायचंच नसतं. ते नुसतं असणं पुरेसं : मी इतरांच्या हाका घेतो.

रिस्क-फाइव्हमध्ये हे दोन पायऱ्यांत होतं. बाहेरच्या उपकरणांच्या हाका प्लिककडे येतात (एफयू५४०मध्ये अशा ५३), आणि प्लिक त्या प्रत्येक हार्टच्या (हार्डवेअर थ्रेडच्या) स्वतःच्या छोट्या कंट्रोलरकडे पोचवतो. त्या छोट्याचं नाव ‘रिस्कव्ही,सीपीयू-इंटसी’. तिथे ९ म्हणजे सुपरवायझरसाठी बाहेरून आलेली हाक, ११ म्हणजे मशीन मोडसाठीची, म्हणजे फर्मवेअर ज्या सर्वोच्च अधिकाराच्या पातळीवर चालतं तिच्यासाठीची. ‘इंटरप्ट्स-एक्स्टेंडेड’ कलमात ‘कुणाला, कितवी’ अशा जोड्या ओळीने लिहिलेल्या दिसतात, त्या याच. टिपणात शब्द इंटरप्टच ठेवा, एकदा कंसात ‘हाक’ लिहा, पुढे मुलं सांभाळून घेतील.

उपप्रश्न

‘#इंटरप्ट-सेल्स’मधल्या ‘सेल’ला ‘पेशी’ नक्कीच नाही चालणार. ‘रकाना’?

प्रतिसाद

‘रकाना’ उत्तम. एक सेल म्हणजे ३२ बिटांचा एक आकडा, आणि ‘#इंटरप्ट-सेल्स’ सांगतं की एका हाकेचं वर्णन करायला किती रकाने लागतात. बाइंडिंगच्या परीक्षणात सर्वांत जास्त डोळे याच आकड्यावर असतात.

आर्मच्या जीआयसी या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये सहसा ३ रकाने : हाकेचा प्रकार, क्रमांक आणि ट्रिगर (हाक देण्याची रीत). इथे ‘क्रमांक’ या साध्या शब्दापाशी भलेभले अडखळतात. सामायिक हाका, म्हणजे एसपीआय, हार्डवेअरच्या मोजणीत ३२पासून सुरू होतात, पण कराराप्रमाणे त्या रकान्यात ०पासून मोजायच्या. चिपच्या मॅन्युअलमध्ये आयडी ६५ दिला असेल, तर लिहायचे ३३. प्लिकमध्ये असं वजा करावं लागत नाही. तिथे हाका १पासून मोजतात आणि ० म्हणजे ‘कुणीच हाक मारलेली नाही’.

प्लिकला रकाना एकच होता, फक्त क्रमांकाचा. ट्रिगर लिहायला जागाच नव्हती. लेव्हल ट्रिगर म्हणजे काम होईपर्यंत तार धरून ठेवणं, एज ट्रिगर म्हणजे दारावर एक टकटक करून मोकळं होणं. २०२२मध्ये रेनेसासची आरझेड/फाइव्ह ही चिप आली. तिच्यात अँडीज कंपनीचा एनसीईप्लिक१०० हा प्लिक आहे. एज प्रकारची एक हाक आली आणि ‘काम झालं’ हा निरोप प्लिकला पोचायच्या आत त्याच तारेवर दुसरी आली, तर ती गळते. उपाय असा की एज असेल तर आधी निरोप द्यायचा, मग काम करायचं. लेव्हल असेल तर आधी काम, मग निरोप. पण हाक कुठल्या जातीची, हे ड्रायव्हरला कळणार कशावरून? म्हणून या प्लिकसाठी २ रकाने ठरले. टी-हेडच्या प्लिकलाही पुढे तेच लागू झालं. बाकीच्यांना १च राहिला, कारण जुन्या बोर्डांच्या याद्या एका रकान्याने लिहिलेल्या होत्या आणि त्या मोडून चालणार नव्हत्या. आज वायएएमएल या मजकूर-स्वरूपात लिहिलेल्या त्या करारात ही अट स्पष्ट लिहिलेली आहे : अमुक नावांना ओ देत असेल तर २, एरवी १.

उपप्रश्न

शेवटचं. ‘रिव्ह्यू’ला ‘पडताळणी’ की ‘परीक्षण’?

प्रतिसाद

दोन्ही ठेवा, कामं वेगळी आहेत. ‘मेक डीटी_बाइंडिंग_चेक’ ही आज्ञा करते ती पडताळणी : करार नियमाने लिहिला आहे का आणि त्यातलं उदाहरण त्याच करारात बसतं का. ‘मेक डीटीबीएस_चेक’ बोर्डांच्या याद्या करारांशी ताडून पाहते. वरची २ रकान्यांची अट करारात येण्याआधी प्लिकचा एक रकाना या दोन्ही चाळण्यांतून बिनतक्रार गेला असता. तो एनसीईप्लिक१००ला अपुरा पडतो, हे मॅन्युअल शेजारी उघडून बसलेल्या माणसालाच दिसतं. त्या बसण्याला ‘परीक्षण’ म्हणा.