ग्रंथ एकच असताना ज्यू आणि ख्रिस्ती मशीहाबद्दल वेगळे का बोलतात?

प्रश्न : वाचनवेडा, नाशिक

घरातली पवित्र शास्त्राची जुनी मराठी प्रत सध्या वाचत आहे आणि एका ठिकाणी अडलो आहे. जुना करार हा मुळात ज्यू लोकांचा ग्रंथ, यशया आणि मलाखी हे त्यांचेच संदेष्टे, आणि येशू, त्याची आई, त्याचे बारा शिष्य हे सारे जन्माने ज्यू. असे असताना मशीहा येऊन गेला असे ख्रिस्ती धर्म सांगतो आणि तो अजून यायचा आहे असे ज्यू धर्म सांगतो. भविष्यवाण्या त्याच असताना निष्कर्ष इतके विरुद्ध कसे? ‘ज्यूंनी येशूला ओळखले नाही’ हे उत्तर मी बरेचदा ऐकले आहे, पण ते एका पक्षाचे उत्तर आहे. कोणाचे खरे हे मला विचारायचे नाही. दोन्हीकडचा युक्तिवाद समजून घ्यायचा आहे.

उत्तर : इतिहासाचा विद्यार्थी

आधी शब्द पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ‘माशियाह’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तेलाने अभिषेक झालेला’ एवढाच आहे आणि ‘ख्रिस्तोस’ हे त्याचे ग्रीक भाषांतर; म्हणजे ‘ख्रिस्त’ ही पदवी आहे, येशूचे आडनाव नव्हे. शौल आणि दावीद हे राजे अभिषिक्त होते, मुख्य याजकही अभिषिक्त असे. यशयाच्या ४५व्या अध्यायात तर इराणचा सम्राट कोरेश, म्हणजे सायरस, यालाही परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे, आणि तो ज्यूसुद्धा नव्हता. ही सगळी माणसे आहेत, नेमून दिलेले काम करणारी.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि दावीदाच्या घराण्याचे राज्य संपले. त्या घराण्याचे सिंहासन कायम राहील असे वचन असताना हे घडले, म्हणून त्याच वंशात एक राजा पुन्हा उभा राहील ही आशा हळूहळू आकाराला आली. त्या राजाच्या काळात काय घडेल हे संदेष्ट्यांनी सांगून ठेवले आहे : परागंदा लोक मायभूमीत परततील, मंदिर उभे राहील, तलवारी मोडून नांगराचे फाळ केले जातील, लांडगा कोकरासोबत राहील. यातली शेवटची गोष्ट शब्दशः घ्यायची की रूपक म्हणून, यावर ज्यू पंडितांत मतभेद आहेत; पण बाकीच्या गोष्टी डोळ्यांना दिसाव्यात अशाच आहेत. बाराव्या शतकात ज्यू धर्मशास्त्री मैमोनिदीस यांनी तर याची जवळजवळ कायद्याच्या भाषेत कसोटी घालून दिली. मशीहाने चमत्कार दाखवण्याची गरज नाही. त्याने मंदिर बांधले आणि विखुरलेले इस्राएल एकत्र केले तर तो मशीहा निश्चित, आणि ते साधण्याआधी तो मारला गेला तर तो मशीहा नव्हता, एवढा सरळ हिशेब आहे.

ही कसोटी येशूला लावून पाहा. तो रोमन सत्तेच्या क्रूसावर मेला, आणि त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, इ.स. ७० मध्ये, रोमनांनी दुसरे मंदिरही जाळले. ज्यूंच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटतो. १२६३ मध्ये बार्सिलोनाला अरागॉनच्या राजासमोर झालेल्या ज्यू-ख्रिस्ती जाहीर वादात राब्बी (ज्यू धर्मगुरू) नाहमानिदीस यांनी हेच मांडले : संदेष्ट्यांनी शांतीचे युग सांगितले होते, पण येशूच्या काळापासून आजपर्यंत जग हिंसेनेच भरलेले आहे.

एक लहानशी गोष्ट आपल्या हातातल्या प्रतीवरूनच ताडून पाहता येईल. तुमचा जुना करार मलाखीपाशी संपतो आणि पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते. तनाखमध्ये, म्हणजे ज्यूंच्या हिब्रू पवित्र शास्त्रात, पुस्तके जवळपास तीच आहेत, पण क्रम निराळा आहे. ते इतिहासाच्या पुस्तकापाशी संपते, आणि तेही कोरेशाच्या ‘यरुशलेमला परत जा, मंदिर बांधा’ या फर्मानावर. एका मांडणीत शेवटचे वाक्य येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहते, दुसऱ्या मांडणीत घरी परतण्याची. ‘ग्रंथ एकच’ हे म्हणूनच अर्धेच खरे आहे.

उत्तर : वसईची वाचक

वरील विवेचन नेटके आहे, परंतु ते वाचून येशूच्या शिष्यांना ही कसोटी ठाऊकच नव्हती असा समज होईल. त्यांना ती चांगली ठाऊक होती. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्य खिन्नपणे सांगतात की इस्राएलची मुक्तता करणारा तो हाच, अशी आमची आशा होती. क्रियापद भूतकाळी आहे, म्हणजे क्रूसानंतर त्यांच्याही लेखी हिशेब संपलेला होता. शिवाय झाडावर टांगलेला मनुष्य शापित, असे जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलेले आहे. वधस्तंभावर मेलेला मशीहा ही कल्पना ज्यूंना अडखळण आहे हे प्रेषित पौलाने स्वतः मान्य केले आहे, आणि पौल नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या परूशी पंथात वाढलेला ज्यू होता.

मग त्यांचे मत का पालटले? येशू मरणातून उठला, अशी त्यांची खात्री झाली म्हणून. आम्हां ख्रिस्ती लोकांचा विश्वास त्या एका गोष्टीवर उभा आहे. भविष्यवाण्यांची जुळवाजुळव त्यानंतरची आहे. पुनरुत्थानावर विश्वास बसल्यावर शिष्यांनी तोच ग्रंथ मागे वळून पुन्हा वाचला, आणि ज्या ओळी पूर्वी कोणी मशीहाशी विशेष जोडत नव्हते त्या उजळून निघाल्या. यशयाच्या ५३व्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक त्यांना येशू वाटला. ज्यू भाष्यकार राशी यांच्या मते तो सेवक म्हणजे छळ सोसणारी इस्राएलची प्रजा. आणि आधीच्या अध्यायांत इस्राएलला अनेकदा ‘माझा सेवक’ म्हटले आहे, तेव्हा तो अर्थ ओढूनताणून काढलेला नाही हे मला मान्य करावे लागते. यशयाच्या सातव्या अध्यायातही मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असा आहे. ‘कुमारी’ हा अर्थ ग्रीक भाषांतरातून मत्तयापर्यंत पोहोचला.

राहिला शांतीच्या युगाचा प्रश्न. त्याचे आमचे उत्तर म्हणजे दोन आगमने. पहिल्या वेळी तो पापातून सोडवायला आला, दुसऱ्या वेळी न्याय करायला आणि राज्य पूर्ण करायला येईल. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात आमच्या चर्चमध्ये केवळ गाईच्या गोठ्यातल्या बाळाची तयारी चाललेली असते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्या काळातील पहिल्या रविवारची वाचने त्याच्या पुन्हा येण्याविषयी असतात. तेव्हा वाट पाहणे आम्हीही सोडलेले नाही. ज्यू वाचक विचारतील की हे दोन टप्पे तनाखमध्ये कुठे लिहिले आहेत, आणि तिथे एकमत होणे अवघड आहे.

उत्तर : शनिवार तेली, ठाणे

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातील आहे. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. तेल गाळणारा समाज तेलाने अभिषेक झालेल्याची वाट पाहत बसला आहे, हा योग मला नेहमी गमतीचा वाटतो.

पण माझा मुद्दा एलियाहूचा, म्हणजे मराठी शास्त्रातल्या एलियाचा आहे. मलाखीच्या शेवटी परमेश्वर सांगतो की तो मोठा दिवस येण्यापूर्वी मी एलिया संदेष्ट्याला पाठवीन. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की तो एलिया म्हणजे योहान, बाप्तिस्मा करणारा. आमच्यासाठी मात्र एलियाहू अजून वाटेवर आहे. आमच्या घरी नवस फेडताना किंवा लग्नाआधी मलिदा करतात : पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे ताटात मांडून ‘एलियाहू हन्नाबी’ गातात, आणि त्या गीतात त्याने दावीदपुत्र मशीहाला घेऊन लवकर यावे अशी विनवणी आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी आमच्या लोकांची श्रद्धा आहे.

आणखी एक सांगतो. मशीहा आला नाही म्हणून आमच्या धर्मात काही अडून राहत नाही. पाप झाले तर पश्चात्ताप, प्रार्थना आणि योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास हा मार्ग आजही खुला आहे. आदामाचे पाप प्रत्येकाच्या वाट्याला येते आणि त्यातून सोडवणारा हवा, ही मांडणी आमच्याकडे नाही. त्यामुळे तारणारा या अर्थाचा मशीहा आम्हाला लागतच नाही. वसईच्या ताईंच्या आणि माझ्या बोलण्यात शब्द एकच आहे, पण त्या शब्दाकडून असलेली अपेक्षा वेगळी आहे.

वाचनवेडा, नाशिक

तिघांचेही आभार. एक उपप्रश्न असा की, एखाद्या ज्यूने चुकीच्या माणसाला मशीहा मानले तर तो धर्माबाहेर जातो का? तसे नसेल, तर येशूच्या अनुयायांचा धर्मच वेगळा का झाला?

उत्तर : इतिहासाचा विद्यार्थी

हा खरा कळीचा प्रश्न आहे. इ.स. १३२ मध्ये रोमविरुद्ध बंड करणाऱ्या बार कोखबाला राब्बी अकिवा यांनी मशीहा म्हटले. १३५ मध्ये तो मारला गेला, बंड चिरडले गेले, आणि तरीही अकिवा आजतागायत ज्यू परंपरेतील थोर गुरूंपैकी एक मानले जातात. त्यांची चूक ही चूकच राहिली, तिला कोणी धर्मत्याग म्हटले नाही. १६६५ मध्ये स्मिर्नाच्या शब्बताई त्स्वीने स्वतःला मशीहा म्हणवले तेव्हा युरोपातील आणि तुर्की साम्राज्यातील असंख्य ज्यू त्याच्या मागे गेले. पुढच्याच वर्षी सुलतानासमोर तो मुसलमान झाला आणि बहुतेकजण निराश होऊन परतले. मुंबईतील नरिमन हाऊस ज्या खबाद या ज्यू धार्मिक चळवळीचे आहे, तिचे प्रमुख राब्बी श्नेअरसन १९९४ मध्ये वारले. त्यांनाच मशीहा मानणारे काही अनुयायी आजही आहेत. इतर ज्यू त्यांच्यावर कडक टीका करतात, पण त्यांना सहसा ज्यू धर्माबाहेर काढत नाहीत.

म्हणजे केवळ व्यक्ती ओळखण्यातील मतभेदाने धर्म फुटला नसता, असे माझे मत आहे. दोन गोष्टींनी तो फुटला. पहिली नियमशास्त्राची : परधर्मीयांनी सुंता न करता आणि मोशेचे सगळे नियम न पाळता यावे, असा निर्णय प्रेषितांनी यरुशलेममध्ये घेतला, आणि थोड्याच पिढ्यांत ख्रिस्ती मंडळीत ज्यू अल्पसंख्य झाले. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. ‘हे इस्राएल, ऐक, परमेश्वर एकच आहे’ हे वाक्य रोज दोनदा म्हणणाऱ्या माणसाला मशीहा हाच देव आहे असे सांगणे म्हणजे राजाच्या पदवीत बसणार नाही असे काही सांगणे होते. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मसभेने पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे सूत्रात बांधले, तोवर वाटा पुरत्या वेगळ्या झालेल्या होत्या.

शनिवार तेली, ठाणे

थोडी पुरवणी जोडतो. मैमोनिदीस यांच्या ज्या अध्यायात ही कसोटी आहे, त्याच्याच शेवटी असेही म्हटले आहे की ख्रिस्ती आणि इस्लाम या धर्मांनी मशीहाची आणि तोराची, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राची गोष्ट दूरदूरच्या बेटांपर्यंत नेली आणि अशा रीतीने राजा मशीहाची वाट तयार केली. त्याच उताऱ्यात येशूवर कडक टीकाही आहे, त्यामुळे ख्रिस्ती सेन्सॉरच्या काळात छापलेल्या अनेक प्रतींमधून तो सबंध उतारा वगळला गेला, आणि टीकेबरोबर हे वाक्यही गेले.