'बीट'ला मराठीत काय म्हणावं : मात्रा, ठोका की ठेका?

प्रश्न

प्लेस्टेशन २ वरचा 'फ्रीक्वेन्सी' हा खेळ मी अजून खेळतो. हार्मोनिक्सने तो २००१ साली काढला. 'गिटार हीरो' त्यांचाच, २००५चा. इलेक्ट्रॉनिक संगीत, समोर अष्टकोनी बोगदा आणि त्याच्या भिंतींवर ड्रम, बेस, सिंथ (सिंथेसायझर) असे वेगवेगळे आवाज. भिंतीवरून ठिपके अंगावर येतात. डावं, मधलं, उजवं यांतलं योग्य बटण वेळेवर दाबायचं. भाचीला शिकवताना अडलो. 'ठिपका आला की दाब' म्हटलं की ती बघून दाबते आणि उशीर होतो. 'बीटवर दाब' म्हटलं तर तिला कोशिंबिरीतलं बीट आठवतं. नेमका शब्द कोणता?

उत्तर

एका शब्दात भागणार नाही, कारण 'बीट' तीन ठिकाणी राबतो. सारख्या अंतराने मोजायची ती मात्रा. कानावर आदळतो तो ठोका. आणि ठोक्यांची जी घडण पुन्हापुन्हा फिरते तो ठेका. (मक्त्याचा ठेका वेगळा.)

टेक्नो या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रकारात बास ड्रम प्रत्येक मात्रेवर पडतो, म्हणून तिथे मात्रा आणि ठोका एकच वाटतात. ड्रम अँड बेस या दुसऱ्या प्रकारात ठोके मात्रांच्या मधल्या फटीत पडतात, आणि भाची तिथेच चुकत असणार. ठिपका म्हणजे ठोका. मात्रा पडद्यावर दिसत नाही, ती पायाने धरावी लागते. तिला सांगा : मात्रा मोज, ठोका दाब.

या खेळात दोन बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट) न चुकता वाजवले की ती भिंत थोडा वेळ आपोआप वाजते आणि आपण शेजारच्या भिंतीवर जातो. चार-चार मात्रांचे दोन बार म्हणजे आठ मात्रा, केरवा या तालाच्या एका आवर्तनाएवढ्या. ठेका लावून दिला की गायक मोकळा होतो, तसंच हे. भिंत अशी आपोआप वाजू लागली की म्हणतात 'ट्रॅक कॅप्चर केला'; त्यापेक्षा 'ठेका लावला' मला कितीतरी नेमकं वाटतं.

आणखी एक उत्तर

'लय' मात्र इथे नको. लय म्हणजे गती : विलंबित, मध्य, द्रुत. 'तुझी लय पळतेय' हे घाई करणाऱ्याला सांगायचं वाक्य. आमच्या भजनात नवख्याला मात्रा कुणी शिकवत नाही, 'टाळी दे' एवढंच म्हणतात. टाळी आणि ताल मुळात एकाच घरचे. संस्कृतात ताल म्हणजे टाळीच.

प्रश्नकर्ता

टाळीचं करून पाहिलं. कंट्रोलर खाली ठेवला, गाणं चालू ठेवून दोघांनी नुसत्या टाळ्या दिल्या. तिसऱ्या-चौथ्या फेरीला तिचा पाय आपोआप हलायला लागला. मग कंट्रोलर हातात दिला. ड्रमच्या भिंतीवरचा शेवटचा, फटीतला ठिपका तिने पहिल्यांदाच बरोबर पकडला आणि ओरडली, "मामा, ठेका लागला!"