एकदा गेलेली स्किल टेस्ट आणि एअरलाइनची नोकरी

आपल्या चिरंजीवांची व्यावसायिक वैमानिक परवान्याची स्किल टेस्ट (प्रत्यक्ष विमान उडवून द्यायची परीक्षा) पहिल्या खेपेस गेल्यामुळे आता कुठलीच एअरलाइन त्यांना दारात उभे करणार नाही, अशी धास्ती आपण व्यक्त केली आहे. माझ्या मते एका अपयशाने वाट बंद होत नाही. ते लपवल्याने मात्र खात्रीने होते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळून ५० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा कॅप्टनने नोकरीच्या अर्जात आपली उड्डाण-परीक्षांतली सगळी अपयशे नमूद केली नव्हती, हे तपासात उघड झाले आणि २०१० च्या कायद्याने तिथे वैमानिकांच्या नोंदींचा मध्यवर्ती डेटाबेस उभारण्याचे ठरले.

माझ्या पुतणीची टेस्ट बाजूच्या वाऱ्यात उतरताना विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवरून सरकल्याने गेली होती. मुलाखतीच्या आदल्या रात्री राजारामपुरीतल्या आमच्या घरी तिने लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) उघडून, नेमके काय चुकले आणि नंतर किती तास सराव केला, हे वहीत लिहून काढले. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला, तिने तेच शांतपणे सांगितले आणि तिची निवड झाली. चिरंजीवांनाही आजच असे एक पान लिहायला बसवा.