मदत हवी आहे : टेंट्समुअरचे पाइनवन आणि वाळूच्या टेकड्या, ज्येष्ठ आई-वडिलांसह आणि फक्त बसने

नमस्कार.

मी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमधील डंडी येथे राहते. मे महिन्याच्या अखेरीस माझे आई-बाबा कोल्हापूरहून येत आहेत. किल्ले आणि संग्रहालये त्यांना दाखवता येतीलच. परंतु एक दिवस तरी फाइफ परगण्याच्या ईशान्य टोकाला, टे आणि ईडन या दोन नद्यांच्या मुखांमध्ये पसरलेल्या टेंट्समुअरच्या पाइनवनात आणि तेथील वाळूच्या टेकड्यांवर त्यांना चालायला न्यावे, अशी माझी इच्छा आहे. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे जे काही करायचे ते बसनेच करावे लागेल.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. डंडीहून टे रोड ब्रिज ओलांडून टेपोर्टला बस जाते, आणि परतीसाठी लूकर्सहून डंडीकडे येणारी ९९ क्रमांकाची बस मिळते. ही दोन गावे फाइफ कोस्टल पाथ या पायवाटेने जंगलातून आणि किनाऱ्याने जोडलेली असून अंतर साधारण १५ किलोमीटर आहे. वाटेत किन्शाल्डी येथे वाहनतळ आहे, पण तेथपर्यंत बस जात नाही. टेपोर्टला उतरावे, चालत लूकर्स गाठावे आणि तेथून परतावे, असा माझा बेत आहे.

बाबा रोज सकाळी रंकाळ्याला फेरी मारतात, त्यांची काळजी नाही. आईचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर ती तासभर निवांत चालते, मात्र उतार आला की थबकते. तिच्यासाठी हा बेत जास्त होईल का, आणि जास्त होत असेल तर मध्येच कोठून बाहेर पडता येते? वाळूत चालावे लागते ते किती? सील हमखास कोठे दिसतात? शिवाय साठीवरील लोकांना येथे बस मोफत आहे असे ऐकले, त्याचा लाभ आई-बाबांना मिळेल का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपला बेत नकाशावर सुबक दिसतो, परंतु आईंसाठी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण अंतराचे नाही, सुटकेचे आहे. टेपोर्ट सोडून आपण टेंट्समुअर पॉइंट या टोकाच्या पुढे गेलात की मागे फिरणे आणि पुढे जाणे जवळपास सारखेच लांब होते. किन्शाल्डीला पोहोचल्यावरही गुडघा सुजला असेल, तर लूकर्सच्या बसथांब्यापर्यंत आणखी सुमारे पाच किलोमीटर उरतात आणि किनाऱ्याच्या त्या पट्ट्यात कोठेही बस नाही. त्यापेक्षा टेपोर्टहूनच निघावे आणि टेपोर्टलाच परतावे. टेंट्समुअर पॉइंटजवळच्या जुन्या बर्फघरापर्यंत एका बाजूने चार-पाच किलोमीटर होतात; पण तेथपर्यंत जायलाच हवे असे नाही. जेथे आईंना पुरे वाटेल तेथून वळायचे, बस त्याच थांब्यावर मिळणार आहे.

वाळूविषयी. जंगलातील मुख्य रस्ते लाकूड वाहून नेणाऱ्या वाहनांसाठी केलेले आहेत, त्यामुळे ते रुंद, घट्ट आणि जवळपास सपाट आहेत. गुडघ्याला त्यांचा त्रास होत नाही. त्रास होतो तो टेकड्यांच्या माथ्यावर, जेथे पाऊल प्रत्येक वेळी मागे घसरते. म्हणून जाताना जंगलातून जावे, जेथे वाट समुद्राकडे फुटते तेथे एकदाच टेकड्यांची रांग ओलांडावी आणि ओहोटी असेल तर ओल्या, कडक वाळूवरून थोडे चालून परत आत यावे. टेकड्या ओलांडताना रुळलेली वाट सोडू नये, कारण ती वाळू मॅरम गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली आहे. गवत तुडवले की वारा तेथूनच वाळू उकरू लागतो. उन्हाच्या दिवशी त्याचे एखादे पाते जवळून पाहावे. ओलावा टिकवण्यासाठी ते आतल्या बाजूला वळून घट्ट गुंडाळले गेलेले असते, आणि पावसानंतर तेच पाते उलगडून सपाट झालेले दिसते.

जंगल नैसर्गिक नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवावे. १९२०च्या दशकात वनखात्याने या वाळूवर आणि माळावर स्कॉट्स पाइन आणि कॉर्सिकन पाइन लावले. आपल्याकडच्या किनाऱ्यावरील सुरूच्या बनात वाटते तसेच येथेही वाटेल : रांगेतली झाडे, पायाखाली पडलेल्या काड्यांचा थर आणि समुद्र दिसण्याआधी ऐकू येणारी गाज. तांबड्या खारी येथे आहेत, पण त्यांच्यासाठी शांत उभे राहण्याची तयारी हवी.

मोफत बसबद्दल : साठीवरील आणि बावीसपेक्षा कमी वयाच्या लोकांसाठी ती सवलत आहे खरी, परंतु ती स्कॉटलंडच्या रहिवाशांसाठी आहे. पाहुण्यांना तिकीट काढावेच लागते. वेळापत्रक ट्रॅव्हलाइन स्कॉटलंड या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहावे. रविवारी फेऱ्या विरळ असतात, म्हणून शक्यतो आठवड्याचा मधला दिवस निवडावा.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी पूर्ण सहमत. एका गोष्टीची भर घालतो, कारण आपले वडील कोल्हापूरचे आहेत.

जंगलाच्या समुद्राकडील कडेला काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांची लांबच लांब रांग दिसेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाडे किनाऱ्यावर उतरू नयेत म्हणून १९४१ मध्ये ते उभारण्यात आले, आणि ते उभारणारे सैनिक पोलिश होते. फ्रान्स पडल्यानंतर पोलिश सैन्याचा मोठा भाग स्कॉटलंडमध्ये आला होता आणि पूर्व किनाऱ्याचा बराच पट्टा त्याच्याकडे सोपवला गेला होता. त्याच युद्धात सोव्हिएत प्रदेशात हद्दपार झालेले आणि तेथून सुटलेले पोलिश निर्वासित, त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांची संख्या सुमारे पाच हजार होती आणि छावणी १९४८ पर्यंत चालली. जुन्या कोल्हापूरकरांना ही छावणी ऐकून तरी ठाऊक असते. बाबांना त्या ठोकळ्यांपाशी थोडा वेळ द्यावा.

तेथेच आणखी एक गोष्ट ध्यानात येते. हे ठोकळे तेव्हाच्या किनाऱ्यालगत बसवले होते, परंतु आज पॉइंटच्या बाजूला ते समुद्रापासून बरेच आत, झुडपांत आणि झाडांत उभे आहेत. येथे समुद्र जमीन खात नाही, तर वाळू आणून टाकतो; नव्या वाळूवर गवत रुजते, टेकडी उठते आणि तिच्यापुढे पुन्हा नवी टेकडी तयार होते. टेंट्समुअर पॉइंट १९५४ पासून राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. सॅमन माशांसाठी बर्फ साठवण्याचे ते बर्फघरही आता पाण्यापासून लांब पडले आहे; त्यात वटवाघळे राहतात, तेव्हा ते बाहेरूनच पाहावे.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टेपोर्टहून जाऊन टेपोर्टलाच परतायचे, हे आता नक्की केले. वळिवड्याबद्दल बाबांना फोनवर सांगितले, तर त्यांनी ठोकळ्यांची उंची विचारली! दोन शंका उरल्या आहेत. सील पाहण्यासाठी भरती हवी की ओहोटी? आणि वाटेत खाण्यापिण्याची तसेच स्वच्छतागृहाची सोय कोठे आहे?

प्रतिसाद १

ओहोटी. पाणी उतरले की टेच्या मुखातील वाळूचे दांडे उघडे पडतात आणि करडे व साधे असे दोन्ही प्रकारचे सील त्यांवर येऊन पडतात. किनाऱ्यावरून ते लांब दिसतात, म्हणून दुर्बीण न्यावी आणि जवळ जाण्याच्या मोहात त्या दांड्यांकडे चालत मुळीच जाऊ नये. भरती मागच्या खोलगट भागातून आधी शिरते आणि परतीची वाट पुढे पाणी दिसण्यापूर्वीच बंद होते. एखादा सील किनाऱ्यावरच आढळला आणि त्याने मान उचलून आपल्याकडे रोखून पाहिले, तर आपण गरजेपेक्षा जवळ आलो आहोत असे समजून मागे सरावे. मे-जूनमध्ये जमिनीवर घरटी करणारे पक्षीही असतात, हे वाट न सोडण्याचे दुसरे कारण.

स्वच्छतागृह किन्शाल्डीच्या वाहनतळावर आहे, पॉइंटच्या बाजूला नाही. म्हणून ते टेपोर्टमध्येच आटोपून निघावे. जंगलात काही विकत मिळेल असे धरून चालू नये. दशम्या, चटणी आणि पाणी घरूनच न्यावे.

सर्वांत महत्त्वाचे राहिलेच : गोचीड. नेचे आणि उंच गवत असलेल्या कडेला ते असतात आणि त्यांच्या चाव्यातून लाइम रोग हा जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो. तिघांनीही पूर्ण लांबीची विजार घालून तिची टोके मोज्यांत खोचावीत. आई साडी नेसणार असतील तर त्या दिवसापुरता सलवार-कमीज बरा. रात्री गुडघ्यामागे, काखेत आणि कंबरेपाशी नीट तपासावे. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ वर ओढावा, तेल किंवा काडीचा चटका देऊ नये. पुढच्या काही आठवड्यांत चाव्याभोवती पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले, तर डॉक्टरांना दाखवावे. आई-बाबा तोपर्यंत परतले असतील तर कोल्हापूरच्या डॉक्टरांना गोचिडाचा चावा स्कॉटलंडमधला आहे हे आवर्जून सांगायला लावावे, कारण त्यांच्या नेहमीच्या रुग्णांत हा आजार क्वचितच येतो.

मेअखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधाराची भीती नाही. पूर्व किनाऱ्यावर मात्र त्या दिवसांत समुद्रावरून अचानक दाट, गार धुके येते. डंडीत ऊन असले तरी तिघांचे स्वेटर सोबत ठेवावेत.