मुरबाडची वाट, पाण्याचा ट्रेलर आणि जुनी फोर बाय फोर: हलकी घ्यावी की भारी?

माळरान
भांडुपला राहतो. मुरबाडच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून पाऊण किलोमीटर आत, आमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. तीन वर्षांपूर्वी तिथे हापूस आणि केसरची साठ कलमं लावली. पावसाळ्यात झाडांची काळजी नसते, वाटेची असते. बैलगाडीची जुनी चाकोरी, मध्ये एक ओहोळ, आणि ओहोळ ओलांडला की लगेच मुरमाचा चढ. होळीनंतर वाट खडखडीत वाळते आणि पाणी संपतं. मग गावच्या विहिरीवरून दोन किलोमीटर टाकी ओढून न्यायची. आजवर शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर मिळायचा. यंदा त्यांनी तो विकला, आणि मागच्या मे महिन्यात माझी अकरा कलमं जळाली.

म्हणून जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी घ्यायचं ठरवलंय. ऑफिसला लोकलनेच जातो, त्यामुळे गाडी शनिवार-रविवारपुरती. बजेट सहा, फार ताणलं तर सात लाख. तीन नावं डोक्यात आहेत: मारुती जिप्सी, जुनी थार सीआरडीई (२०२० ला नवी थार आली त्याच्या आधीची) आणि टाटा सफारी २.२ डायकॉर फोर बाय फोर. माझं मत भारी गाडीकडे झुकतंय. ५०० लिटरची टाकी ओढायची तर अंगात वजन हवं, असं मला वाटतं. ज्यांनी अशा वाटांवर गाड्या चालवल्यात त्यांनी सांगा.

चिखलवाट
जिप्सी घ्या, दुसरा विचार नको. वजन एक टनाच्या आतबाहेर, लो रेंज गियर (वेग कमी, ओढ जास्त) आहे आणि मागेपुढे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटे कुठल्याही गावात दुरुस्त होतात. चिखलात ताकद कामाला येत नाही, हलकेपणा येतो. दोन वर्षांपूर्वी श्रावणात जव्हारजवळ एका भातखाचराच्या कडेने आम्ही चार गाड्या नेल्या. सगळ्यात महागडी आणि ताकदवान गाडी पोटावर टेकली. चाकं फिरत राहिली आणि गाडी आणखी खाली बसत गेली. ती काढायला चार तास आणि पाड्यावरची आठ माणसं लागली. माझी जिप्सी त्याच चाकोरीतून टायरची हवा १८ पर्यंत उतरवून निघाली.

आणि दादा, तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. तुम्हाला ट्रेलर लागतो फाल्गुन ते ज्येष्ठ, वाट कोरडी असताना. चिखल लागतो आषाढ-श्रावणात, तेव्हा ट्रेलर शेडमध्ये असतो. दोन्ही एकाच दिवशी कधीच येत नाहीत. मग टाकी छोटी करा, एकाऐवजी दोन फेऱ्या मारा आणि गाडी हलकी ठेवा.

दोन टन
चिखलाबद्दल चिखलवाट बरोबर बोलतायत, ट्रेलरबद्दल साफ चूक. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. लोखंडी ट्रेलर आणि चाकं धरा दीड-दोनशे किलो. म्हणजे ६५०-७०० किलोचं धूड एक टनाच्या गाडीमागे, आणि गावात बनवलेल्या ट्रेलरला ब्रेक नसतात. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा ७५० किलो आहे, आणि पुढची गाडी हलकी असेल तर तेवढंही चालत नाही.

चढाचं मला भय नाही, जिप्सी लो रेंजमध्ये चढून जाईल. भय उताराचं. विहिरीकडून भरून येताना ओहोळात उतरायचं आहे ना? तिथे ब्रेक दाबला की मागचं पाणी पुढे धावतं, टाकी अर्धी भरलेली असेल तर जास्तच. हलक्या गाडीचा मागचा भाग बाजूला ढकलला जातो आणि गाडी नि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. मी हे बघितलंय. शहापूरच्या बाजूला एका मंडपवाल्याची जीप अशीच आडवी झाली. माणसं वाचली, पण ड्रायव्हरचा हात मनगटातून मोडला.

सफारी घ्या. ताकद १४० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ३२० एनएम, आणि वजन दोन टनांच्या आसपास. तुलनेला जिप्सीचा टॉर्क १०३ एनएम आहे.

हिशेबी
मला हा अख्खा प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटतो. पाऊण किलोमीटरच्या वाटेसाठी सात लाख? वर्षातले तीन महिने पाणी न्यायचंय. ट्रॅक्टर फेरीवर मिळतो, काकांनी विकला तर दुसऱ्याचा मिळेल. नाहीतर बांधाजवळ शेततळं खोदा. त्यातून साठ कलमांना ठिबकने पाणी द्या, पाण्याची ओढाताणच संपेल. पावसाळ्यात गाडी डांबरी रस्त्यावर लावून पाऊण किलोमीटर चालत जा.

जुन्या गाडीचे खर्चही धरा. पंधरा वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, त्याची फी एप्रिल २०२२ पासून पाच हजार आहे. त्यावर पर्यावरण कर, फिटनेस, आणि एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी नंबरप्लेट. हे सगळं आठवड्यातून एकदा चालणाऱ्या गाडीवर.

माळरान
हिशेबी, शेततळ्याचा विचार केला होता. मुरूम आहे, पाणी धरत नाही. प्लास्टिक अंथरलं तरी ते भरायला पाणी त्याच वाटेने न्यायचं. आणि चालत जायला मला काहीच वाटत नाही, पण आई बहात्तर वर्षांची आहे. तिला तिची जमीन बघायची असते. मागच्या श्रावणात ती ओहोळाच्या अलीकडे गाडीत दोन तास बसून राहिली, मी एकटाच पलीकडे जाऊन आलो. म्हणून गाडी घ्यायचीच आहे.

गॅरेजवाला
बावीस वर्षं हेच काम करतो, ठाण्यात गॅरेज आहे. माझं म्हणणं चिखलवाट आणि दोन टन या दोघांपेक्षा वेगळं आहे. मॉडेलवर भांडू नका. पंधरा वर्षं जुन्या गाडीत मॉडेल दुय्यम आणि चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पहिली. मुंबईच्या खाऱ्या हवेत उघड्यावर उभी राहिलेली थार आणि नाशिकला शेडमध्ये राहिलेली थार या दोन वेगळ्या गाड्या आहेत.

बघायला जाताना स्क्रूड्रायव्हर न्या. मागच्या पाट्याचा हँगर जिथे चासीला जोडलेला असतो तिथे खालून ठोका. टण्ण वाजलं तर लोखंड आहे. थप्प वाजलं तर आत गंजाचा भुगा आहे. ताजा काळा रंग मारलेली चासी दिसली की दुप्पट जोराने ठोका, कारण विकायच्या आधी तो रंग उगाच कोणी मारत नाही. ट्रेलर ओढायचाय तर हीच जागा सगळा भार घेणार आहे.

मग पुराची तपासणी. २००५ च्या जुलैमधल्या गाड्या आता बाजारात नाहीत, पण २०२१ ला चिपळूण-महाड बुडालं तेव्हाच्या अनेक गाड्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. बाहेरचा भाग सगळे धुतात, गुंडाळलेल्या टोकाला गाळाची रेघ तशीच राहते.

फोर बाय फोर चालतंय का, हे मालकाच्या बोलण्यावर सोडू नका. डांबरी रस्त्यावर तपासूही नका. या गाड्यांमध्ये पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नसतं, कोरड्या डांबरावर वळवलं की ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. खडीच्या चढावर न्या. दुसऱ्याला लो रेंजमध्ये गाडी उचलायला सांगा आणि तुम्ही बाहेर उभं राहून पुढचं चाक बघा. पुढच्या चाकाखालून खडी उडाली तरच गाडी फोर बाय फोर. डॅशबोर्डवर दिवा लागला आणि पुढचं चाक नुसतं घरंगळतंय, अशा गाड्या मी कितीतरी बघितल्या. सफारीत तर लिव्हर नाही, बटण आहे. वर्षानुवर्षं कोणी ते फिरवत नाही आणि आतली मोटर अडकून बसते. या एका कारणासाठी मी लिव्हरवाली थार पसंत करतो. चारही टायर एकाच मापाचे आहेत का, तेही बघा.

चिखलवाट
गॅरेजवाले दादा, हे सोन्यासारखं लिहिलंत. पण तुम्हीही थारकडे वळलात! थार पावणेदोन टनांच्या आसपास आहे. २४७ एनएम टॉर्क ओढायला ठीक, पण श्रावणात ती बसली तर ५०० लिटरचं सुख आठवत बसायचं का?

गॅरेजवाला
सफारीपेक्षा हलकी, जिप्सीपेक्षा भारी. या माणसाची गरज बरोबर त्याच जागी आहे. आणि चांगली जिप्सी दाखवा मला. ती बनणं २०१९ च्या सुमारास थांबलं. बाजारात लष्कराच्या लिलावातल्या बऱ्याच आहेत, त्यांच्या कागदपत्रांसाठी आरटीओत खेटे घालावे लागतात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या जिप्सीचे रबरी पाइप त्यासाठी बनलेले नव्हते. ते सगळे आधी बदलायचे.

दोन टन
दिल्लीकडच्या गाड्या का नाही बघत? तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, तेव्हापासून स्वस्त मिळतात, आणि समुद्राची हवा लागलेली नसते.

हिशेबी
एनओसी, इथला कर पुन्हा भरणं, नवा नंबर. स्वस्तपणा तिथेच संपतो.

खाडीकाठ
मी उत्तनची. आमच्याकडे छोटी फायबरची होडी ट्रेलरवर काढतो-घालतो, म्हणून ट्रेलरबद्दल दोन शब्द. ओढणाऱ्या गाडीवर एवढी चर्चा झाली, ट्रेलरकडे कोणी बघितलंच नाही.

माळरान दादा, वजन ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर आला पाहिजे. तुमच्या ७०० किलोला ७०. वजन मागे गेलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. दुसरं, चाकं तापलेली असताना थेट ओहोळात घालू नका. गरम हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. आमची बेअरिंगं अशीच जायची. आता किनाऱ्यावर दहा मिनिटं थांबतो. गाडीच्या डिफरन्शियलचंही तेच होतं. वरची हवेची नळी मातीने बुजली असेल तर पाणी आत जातं आणि तेल चहासारखं दिसायला लागतं. खरेदीच्या वेळी नट उघडून ते तेल बघाच.

आणि कायद्याने ट्रेलर हे स्वतःच मोटार वाहन धरलं जातं, त्याची वेगळी नोंदणी लागते. डांबरी रस्त्यावर काढणार असाल तर हे आधी करा. विहीर ते शेत यात डांबर किती आहे?

माळरान
खाडीकाठ ताई, निम्म्याहून जास्त डांबरच आहे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नोंदणीचं आधी बघतो.

रविवारी दोन थार बघून आलो. पहिली पनवेलला, २०१४ ची, बाहेरून लखलखीत, चासीला ताजा काळा रंग. हँगरजवळ स्क्रूड्रायव्हरने ठोकलं तर तिसऱ्या ठोक्याला टोक आत गेलं. मालक म्हणाले, वेल्डिंग करून देतो. मी नमस्कार करून निघालो.

दुसरी इगतपुरीजवळ, २०१३ ची, एका शेतकऱ्याकडे. रंग उडालाय, हूड फाटलंय, पुढची सीट घोंगडीने झाकलेली. चासी टण्ण वाजली. सीटबेल्टच्या टोकाला धूळ, गाळ नाही. त्यांनी स्वतःच मला शेताच्या चढावर नेलं. मी खाली उतरून बघितलं, पुढच्या चाकाने खडी मागे फेकली. डिफरन्शियलचं तेल काळं होतं पण चहासारखं नव्हतं. सव्वासहा सांगितले, पावणेसहाला तयार झाले. टोकन देऊन आलो.

चिखलवाट, तुमचंही एक ऐकलं. ५०० ची टाकी रद्द. २५०-२५० च्या दोन घेतोय. न्यायची ती पूर्ण भरून, अर्धी टाकी घेऊन ओहोळात उतरायचं नाही.

हिशेबी
गाडी घेतलीत, चांगलं झालं. ठिबकाचं मात्र सोडू नका. ५०० लिटर साठ झाडांना म्हणजे झाडामागे आठ लिटर. ते आळ्यात ओतलंत तर मुरूम पिऊन टाकेल.

माळरान
हे मान्य. नळ्या याच आठवड्यात बघतो. पहिली फेरी आईला घेऊन, रिकाम्या ट्रेलरनिशी.